संगणकीय खेळ, श्रवणकौशल्य आणि वर्धा जिल्ह्यातील मुलाचा कान : एक चिकित्सा

प्रस्तावना

मराठीच्या अध्यापनपद्धतीवरील कोणतेही पाठ्यपुस्तक उघडले तर श्रवण, भाषण, वाचन आणि लेखन ही चार कौशल्ये याच क्रमाने मांडलेली आढळतात. श्रवण पहिले. परीक्षेत आणि निरीक्षणात मात्र त्याला जागा सापडत नाही. मुलाने काय वाचले, काय लिहिले हे तपासले जाते. त्याने काय ऐकले आणि ऐकलेल्यातून त्याला काय कळले, हे क्वचितच कोणी विचारते. 'असर' पाहणीचा भाषिक भागही मुख्यतः वाचनाचाच आहे. या दुर्लक्षित जागेवर आता संगणकीय खेळांनी हक्क सांगितला आहे. २०१५ मधील 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमानंतर लोकवर्गणीतून जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांत पडदे, टॅब आणि संगणक आले. यंत्रे आली की त्यांत घालावयाचा मजकूर विकणारेही येतात. मुलाने कानांना हेडफोन लावावा, खेळावे, त्याचा कान तयार होईल, आणि तयार कानामागून भाषा व वाचन आपोआप येईल, असे या खेळांचे आश्वासन असते.

या आश्वासनात दोन पायऱ्या आहेत. सरावाने ध्वनींतील भेद अधिक सूक्ष्मपणे ओळखता येतो, ही पहिली. त्या सूक्ष्मतेमुळे भाषा सुधारते, ही दुसरी. पहिलीला चांगला आधार आहे. दुसरीवर पाय ठेवण्यापूर्वी मात्र ती तपासून पाहणे आवश्यक आहे. कारण शाळेचा वेळ आणि गावाचा पैसा दुसऱ्या पायरीसाठीच मागितला जातो.

सिद्धान्त आणि त्याचा खेळ

या विचाराचे सर्वांत प्रसिद्ध रूप अमेरिकेत तयार झाले. पॉला टॅलल आणि मायकेल मर्झेनिक यांच्या गटांनी १९९६ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात दोन शोधनिबंध प्रसिद्ध केले. टॅलल यांची मांडणी अशी की, भाषा उशिरा व अडखळत शिकणाऱ्या अनेक मुलांना वेगाने बदलणारे ध्वनी पकडता येत नाहीत. 'ब' आणि 'द' यांतील भेद सेकंदाच्या अगदी लहान अंशात घडून जातो; तो निसटला की शब्द निसटतो आणि शब्दामागून व्याकरण. उपाय म्हणून ध्वनी ताणून लांबवावेत, त्यांतील झरझर बदलणारा भाग मोठा करून ऐकवावा आणि मूल सरावले की हळूहळू नेहमीच्या वेगावर यावे, असे ठरले. सरावाला खेळाचे रूप दिले गेले. यातूनच 'फास्ट फॉरवर्ड' ही संगणकीय मालिका बाजारात आली.

यातील एका खेळात मुलाने पडद्यावर उडणारा प्राणी पकडून ठेवावयाचा असतो. एकच ध्वनी पुन्हा पुन्हा ऐकू येतो. तो बदलला की त्या क्षणी प्राण्याला सोडावयाचे. लवकर सोडले तरी चूक, उशिरा सोडले तरी चूक. दुसऱ्या एका खेळात स्वर चढला की उतरला, हे क्रमाने सांगावयाचे. मूल चुकले की खेळ सोपा होतो, जिंकले की अवघड. यंत्राचा संयम न संपणारा आहे, आणि ध्वनीतील फरक हव्या तेवढ्याच मात्रेने कमीजास्त करण्याची त्याची क्षमता कोणत्याही शिक्षकाकडे नाही. हे गुण मान्यच करावे लागतात.

किंमत मात्र पैशांपेक्षा वेळात मोजावी. दिवसाला सुमारे शंभर मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे, हे या उपक्रमाचे नेहमीचे मान धरले तर पन्नास तास होतात. पस्तीस मिनिटांची तासिका धरल्यास रोज जवळजवळ तीन तासिका. द्विशिक्षकी शाळेत या तीन तासिका कोणत्या विषयातून काढावयाच्या, हा प्रश्न जाहिरातीत कधीच विचारला जात नाही.

पुराव्याची परीक्षा

सुरुवातीच्या निष्कर्षांनी जी आशा निर्माण केली ती पुढील, अधिक काटेकोर परीक्षांत टिकली नाही. रॉन गिलम आणि सहकाऱ्यांचा २००८ मधील प्रयोग या दृष्टीने मुळातून वाचण्याजोगा आहे. भाषिक अडचण असलेल्या सहा ते नऊ वर्षे वयाच्या २१६ मुलांची यादृच्छिक पद्धतीने चार गटांत विभागणी झाली. एका गटाला 'फास्ट फॉरवर्ड', दुसऱ्याला ध्वनी न ताणणारे दुसरे भाषिक संगणकीय खेळ, तिसऱ्याला वाक्‌-भाषा तज्ज्ञाकडून प्रत्यक्ष मार्गदर्शन आणि चौथ्याला गणित, विज्ञान, भूगोल यांचे साधे संगणकीय खेळ देण्यात आले. वेळ सर्वांना सारखाच मिळाला. चारही गट सुधारले, आणि साधारण सारखेच सुधारले. ज्यांच्या खेळात भाषेचे शिक्षण हा उद्देशच नव्हता ती मुलेही मागे राहिली नाहीत.

चौथा गट नसता तर काय झाले असते, याचा विचार करावा. पहिल्या गटाची पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणी यांत लक्षणीय फरक दिसला असता आणि त्याचे श्रेय ताणलेल्या ध्वनींना मिळाले असते. आपल्याकडील शिक्षणशास्त्राच्या लघुशोधप्रबंधांत हाच आराखडा परिचयाचा आहे : एक शाळा, एक तुकडी, तीसचाळीस विद्यार्थी, पूर्वचाचणी, काही आठवड्यांचा उपक्रम, उत्तरचाचणी, 'टी' मूल्य सार्थ, सबब उपक्रम परिणामकारक. दरम्यान मुले दीड महिन्याने मोठी झालेली असतात, चाचणी त्यांनी एकदा पाहिलेली असते, आणि एक नवी व्यक्ती रोज येऊन त्यांच्याकडे लक्ष देत असते. या तिन्ही गोष्टी 'टी' मूल्यात निमूटपणे मिसळतात. मार्गदर्शकांनी नियंत्रित गटाचा आग्रह धरावा. आणि त्या गटालाही तेवढाच वेळ दुसरा एखादा खेळ द्यावा. रिकामा बसविलेला गट हा नियंत्रित गट नव्हे.

२०११ मध्ये स्ट्राँग, टॉर्गरसन आणि हुल्म यांच्या गटाने 'फास्ट फॉरवर्ड'वरील सहा काटेकोर अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. भाषा वा वाचन यांवर त्याचा लक्षणीय परिणाम होतो, याला आधार मिळाला नाही. त्यापूर्वी २००६ मध्ये डोरोथी बिशप यांच्या गटाने व्याकरणाच्या आकलनाचा संगणकीय सराव देऊन पाहिला होता. ताणलेल्या ध्वनींनी त्यातही फरक पडला नाही.

इंग्लंडमधील डेव्हिड मूर यांच्या कामाची हकीकत यापेक्षा बोधक आहे. 'फोनोमिना' या ध्वनिभेदाच्या खेळाने आठ ते दहा वर्षांच्या मुलांच्या ध्वनिजाणिवेत वाढ झाल्याचे त्यांनी २००५ मध्ये नोंदविले. तुलनेच्या गटाला मात्र कोणताच पर्यायी खेळ दिलेला नव्हता. पुढे २०१२ मध्ये हॅलिडे यांच्यासह त्यांच्याच गटाने अधिक काटेकोर अभ्यास केला. श्रवणसरावाचा लाभ सामान्य मुलांत भाषा व वाचन यांपर्यंत पोहोचत नाही, असे त्यांना आढळले, आणि तो नकार त्यांनी निबंधाच्या शीर्षकातच नोंदविला. आपल्याच आशेची अशी परीक्षा घेणे दुर्मीळ आहे.

या दोहोंच्या मध्ये, २००६ मध्ये, अमिताय, आयर्विन आणि मूर यांनी एक चमत्कारिक वाटणारी गोष्ट दाखवून दिली होती. 'टेट्रिस' हा आवाज नसलेला, केवळ पाहण्याचा खेळ खेळल्यानंतरही श्रोत्यांची स्वरभेद ओळखण्याची क्षमता वाढली. कानाला काहीच ऐकविले नाही आणि कान सुधारला. याचा सरळ अर्थ असा की, श्रवणसराव म्हणून जे मोजले जाते त्याचा मोठा भाग अवधानाचा असतो. अवधान वाढविणे वाईट नाही. परंतु त्यासाठी ताणलेल्या ध्वनींची, परवान्याच्या शुल्काची आणि पन्नास तासांची गरज आहे का, हा प्रश्न मग टाळता येत नाही.

शेजारी बसलेला मोठा माणूस

फिनलंडमधील युवास्क्युला विद्यापीठात तयार झालेला 'ग्राफोगेम' हा अक्षर आणि ध्वनी यांची सांगड घालणारा खेळ अनेक देशांत वापरला गेला. २०२० मध्ये मॅकटीग आणि सहकाऱ्यांनी जगभरातील अभ्यास एकत्र तपासले. शब्दवाचनावरील सरासरी परिणाम जवळजवळ शून्य निघाला. मात्र जेथे मूल खेळत असताना मोठ्या माणसाचा सहभाग अधिक होता, तेथे परिणाम ठळकपणे चांगला होता. खेळ तोच, मूल तसेच. फरक शेजारी बसून बोलणाऱ्या व्यक्तीचा.

महाराष्ट्रातील अनुभव याच्याशी जुळणारा आहे. 'प्रथम' संस्थेच्या इंग्रजी अध्यापनाच्या कार्यक्रमाचे फँग हे, ली लिंडन आणि मार्गारेट मॅक्लाउड यांनी आपल्या राज्यात मूल्यमापन केले. त्यांचा निबंध २००८ चा आहे. मुलाने चित्रावर टोक टेकविले की शब्दाचा उच्चार ऐकविणारे 'पिकटॉक' हे यंत्र एका बाजूला, आणि शिक्षकाने घेतलेले चित्रकार्डांचे खेळ दुसऱ्या बाजूला. सरासरीने दोन्ही मार्गांनी गुण सुमारे ०.३ प्रमाण विचलनाने वाढले. सरासरीच्या खाली पाहिले की चित्र बदलते : आधीच पुढे असलेल्या मुलांना स्वतःच्या गतीने चालणारे यंत्र अधिक लाभले, तर मागे असलेल्या मुलांना शिक्षकाने घेतलेले खेळ.

हा भेद धोरणाच्या दृष्टीने कळीचा आहे. संगणकीय खेळ शाळेत आणताना नाव घेतले जाते ते मागे पडलेल्या मुलाचे. यंत्रासमोर एकटे बसविल्याने अधिक पुढे जाते ते मात्र दुसरेच मूल. यंत्र निरुपयोगी आहे असे यातून निघत नाही. दिल्लीतील 'माइंडस्पार्क' केंद्रांचे मुरलीधरन आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेले मूल्यमापन साडेचार महिन्यांत हिंदीतही स्पष्ट प्रगती दाखविते. पण तेथील आज्ञावली प्रत्येक मुलाची पातळी पाहून धडा देत होती, वेळ शाळेबाहेरचा होता आणि केंद्रात साहाय्यक शिक्षकही होते.

कोणती मराठी ऐकवावयाची ?

आतापर्यंतचे आक्षेप कोणत्याही देशाला लागू पडतील. वर्धा जिल्ह्यात त्यांत आणखी एकाची भर पडते, आणि तो सर्वांत गंभीर आहे. खेळ मुलाला ध्वनींची जोडी ऐकवितो आणि विचारतो : हे एकच की वेगळे ? ही जोडी कोण निवडणार आणि कोणाच्या तोंडून ऐकविणार ?

मराठीचा श्रवणखेळ प्रमाणभाषेवरून बेतला तर 'वेळ' आणि 'वेल', 'मण' आणि 'मन', 'खाण' आणि 'खान' या जोड्या पहिल्याच दिवशी येतील. ज्या घरात 'पाणी' हे 'पानी' असते, 'डोळा' हा 'डोया' आणि 'शाळा' ही 'शाया' असते, त्या घरातील मूल येथे अडखळणे शक्य आहे. त्याचा कान निर्दोष आहे. पोळ्याच्या झडत्या त्याला दुरून कळतात आणि आईने दोन घरे पलीकडून मारलेली हाकही. त्याच्या बोलीत 'ण' आणि 'न' यांचा भेद अर्थाचे काम करीत नाही, एवढेच. यंत्र मात्र लाल खूण दाखवील, पातळी खाली आणील आणि अहवालात 'श्रवणकौशल्य अविकसित' अशी नोंद होईल. बोलीभेद हा श्रवणदोष म्हणून नोंदला जाण्याचा हा धोका काल्पनिक नाही. प्रमाणभाषेच्या मापाने मोजणाऱ्या प्रत्येक चाचणीच्या पोटात तो असतो.

वाक्याच्या पातळीवर गुंता वाढतो. 'राजू जेवून राहिला' हे वाक्य ऐकवून दोन चित्रांपैकी एक निवडावयास सांगितले, तर पुण्याकडील मूल जेवण आटोपलेला राजू दाखवील. हिंगणघाट किंवा समुद्रपूर तालुक्यातील मुलाच्या कानांवर हे वाक्य 'जेवून रायला' असे रोज पडते, आणि त्याचा अर्थ राजूचा घास अजून हातात आहे असा होतो. दोन्ही मुलांनी नीट ऐकले. गुण एकालाच मिळेल. आर्वी, कारंजा, आष्टी या तालुक्यांकडे वऱ्हाडीची छटा, पूर्वेकडे नागपुरीची. शिवाय जिल्ह्यात गोंड आणि कोलाम कुटुंबे आहेत, आणि गोंडी व कोलामी या तर मराठीच्या बोलीही नव्हेत, त्या द्राविड कुळातील भाषा आहेत. ग्रिअर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाच्या सातव्या खंडाने १९०५ मध्येच वऱ्हाडी व नागपुरी यांची दखल घेतली होती. शंभराहून अधिक वर्षांनंतर आज्ञावली तयार करणाऱ्याने ती घेऊ नये, याला सबब नाही.

उलट बाजूचा दोषही तेवढाच ठळक आहे. लिपीवरून खेळ बेतणारा 'दिन' आणि 'दीन', 'सुत' आणि 'सूत' या जोड्या हौसेने घालतो. हा ऱ्हस्वदीर्घाचा भेद शुद्धलेखनात महत्त्वाचा असला तरी सहज बोलण्यात बहुतेक मराठी भाषक तो पाळीत नाहीत. तो कानाने ओळखावयास सांगणे म्हणजे नसलेल्या गोष्टीचा शोध घ्यावयास लावणे होय. याउलट जो भेद मराठी कान खरोखर करतो तो लिपीत दिसतच नाही. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा. 'चार' ही संख्या आणि गुराला 'चार' ही आज्ञा. अक्षरे तीच, उच्चार वेगळे. मराठी मुलाच्या श्रवणाची खरी परीक्षा अशा ठिकाणी आहे. परक्या भाषेसाठी बनलेल्या खेळात नुसते शब्द बदलून केलेल्या मराठी आवृत्तीत ही जोडी सापडण्याची आशा करू नये.

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यात भरलेल्या शिक्षण परिषदेने शिक्षणाचे माध्यम मातृभाषा असावे असा ठराव केला, हे या जिल्ह्यात पुन्हा सांगण्याची गरज नाही. त्या ठरावाच्या शब्दांना स्मारकाची प्रतिष्ठा मिळाली. मातृभाषा म्हणजे कोणती, पाठ्यपुस्तकातील की चुलीजवळची, हा प्रश्न मात्र तेव्हाही मोकळाच राहिला होता. श्रवणखेळाने तो पुन्हा उभा केला आहे, आणि यावेळी उत्तर यंत्राच्या गुणपत्रिकेत आधीच लिहिलेले असेल.

कान आधी तपासावा

एका साध्या गोष्टीचा उल्लेख राहून जाऊ नये. मूल ऐकत नाही असे वाटले की पहिला प्रश्न त्याच्या कानाच्या प्रकृतीचा असावा. वारंवार कान वाहणारे मूल वर्गात 'लक्ष देत नाही' असे ठरते. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळकरी मुलांच्या तपासणीत कानाचे विकार समाविष्ट आहेत. पुढील उपचारासाठी सेवाग्राम आणि सावंगी येथील वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये जिल्ह्यातच आहेत. श्रवणयंत्र लावलेल्या किंवा कॉक्लियर इम्प्लांट झालेल्या मुलांसाठी ध्वनी ओळखण्याचा पद्धतशीर सराव हा पुनर्वसनाचाच भाग असतो, आणि तेथे तज्ज्ञाच्या देखरेखीखालील संगणकीय खेळाला निश्चित स्थान आहे. या गरजेचा दाखला देऊन तोच खेळ सरसकट सर्व वर्गाला विकणे, ही वेगळी गोष्ट.

पडद्याबाहेरचे खेळ

उडणाऱ्या प्राण्याचा तो अमेरिकन खेळ महाराष्ट्रातील कोणत्याही अंगणवाडीत ओळखीचा वाटेल. मुले गोल करून बसतात, बोटे जमिनीवर टेकवितात. एकजण म्हणतो, चिमणी भुर्र, बोटे वर. कावळा भुर्र, बोटे वर. मग त्याच वेगात, त्याच सुरात : म्हैस भुर्र. ज्याचे बोट उचलले गेले तो बाद. आवाजाच्या लयीने हात उचलू पाहतो आणि अर्थाने तो रोखून धरावा लागतो. ध्वनी बदलेपर्यंत थांबण्याचे कौशल्य येथेही आहे, शिवाय शब्दाचा अर्थ आहे, आणि बाद झालेल्याने घातलेला वाद आहे. कोंबडी उडते की नाही, यावर पाच वर्षांची मुले जो युक्तिवाद करतात तो भाषिक कौशल्याच्या कोणत्याही चाचणीत मावत नाही. 'शिवाजी म्हणतो' हा खेळ याच जातीचा.

विदर्भातील भुलाबाईच्या उत्सवात गाणी संपली की खाऊ ओळखण्याचा कार्यक्रम होतो. झाकलेला डबा हलवून दाखवितात. खडखडले तर काय, नुसते घसरल्याचा आवाज आला तर काय. मग प्रश्न : गोड की तिखट, तळलेले की भाजलेले? आवाजावरून अंदाज, अंदाजावरून प्रश्न, उत्तरावरून नवा अंदाज. श्रवणातून भाषेकडे जाणारी जी दुसरी पायरी प्रयोगशाळेला भक्कम करता आली नाही, ती येथे वेगळी बांधावीच लागत नाही. कारण ऐकणे आणि बोलणे मुळात एकाच कृतीत आहे.

हा केवळ गतकाळाचा मोह समजू नये. ग्रामीण भारतात मोबाइलवरील इंग्रजी शिकविणारे खेळ तयार करणाऱ्या मॅथ्यू काम यांच्या गटाने २००९ मध्ये भारतीय गावांतील पारंपरिक खेळांचा अभ्यास करून ते पाश्चात्त्य धाटणीच्या व्हिडिओ गेमपेक्षा कोठे वेगळे आहेत हे नोंदविले, आणि त्यावरून आपल्या खेळांची रचना बदलली. म्हणजे संगणकीय खेळ करणाऱ्यांनीच अंगणाकडे पाहिले. जिल्ह्यातील संगणकशास्त्र, मराठी आणि गृहविज्ञान या विभागांना एकत्र बसून असे काही करता येण्याजोगे आहे. देवळी, सेलू, आर्वी येथील आजीआजोबांच्या आणि मुलांच्या तोंडून शब्द ध्वनिमुद्रित करावेत. 'डोळा' आणि 'डोया' ही दोन्ही उत्तरे बरोबर धरणारी आज्ञावली लिहावी. एका मुलाने एका पडद्यासमोर बसण्याऐवजी चौघांनी मिळून ठरवून उत्तर द्यावे, अशी रचना ठेवावी. आणि प्रत्येक फेरीनंतर पडदा काळा होऊन शिक्षिकेला प्रश्न विचारण्यास जागा द्यावी. त्याची परीक्षा घेताना तुलनेच्या गटाला तेवढाच वेळ 'भुर्र'चा खेळ द्यावा. कोणता गट पुढे जाईल हे आधीच गृहीत धरू नये.